पुण्याजवळील नासासंधान ते प्रयोगशाळेतील कूर्चा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शरीराचा नष्ट झालेला भाग पुन्हा घडविणे हे पुनर्जनन वैद्यक व ऊती अभियांत्रिकी या आधुनिक शाखांचे उद्दिष्ट आहे. कान, नाक व घसा यांच्या विकारांत त्यांना विशेष महत्त्व आहे. या अवयवांचा आकार मुख्यतः कूर्चेवर अवलंबून असतो आणि प्रौढ वयात नष्ट झालेली कूर्चा आपोआप पुरेशी भरून येत नाही. या शाखांचा इतिहास सामान्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सांगितला जातो. तथापि, नवी ऊती जिवंत कशी ठेवावी हा त्यांतील मूलभूत प्रश्न त्याहून जुना आहे. या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात तीन घटनांचा विचार केला आहे.

पुण्याजवळील शस्त्रक्रिया

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र सचित्र प्रसिद्ध झाले. त्यात कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकिकत आहे. नाव पारशी वाटले तरी पत्रात त्यास मराठा शेतकरी म्हटले आहे. इंग्रज सैन्याबरोबर असताना १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभरानंतर पुण्याजवळ, विटा करणाऱ्या जातीतील एका इसमाने त्याचे नाक पुन्हा बसविले.

पत्रातील वर्णन तपशीलवार आहे. प्रथम मेणाचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरावयाचे व त्याभोवती रेषा आखावयाची. त्या मापाची त्वचा सोडवून घेताना दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची. नंतर त्वचा अर्धी पिळून खाली आणावयाची व जुन्या नाकाच्या ताज्या केलेल्या कडांत बसवावयाची. वर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेल्या पट्ट्या लावीत. नाकपुड्या मिटू नयेत म्हणून दहाव्या दिवशी त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. डोळ्यांमधील पट्टी मात्र सुमारे पंचविसाव्या दिवशीच छेदली जाई.

या पद्धतीचे मर्म त्या पट्टीत आहे. नव्या जागी रक्तवाहिन्या जुळेपर्यंत त्वचेला जुन्या जागेचे रक्त मिळत राहते. सुश्रुतसंहितेतही नासासंधान आहे. परंतु तेथे गालाची त्वचा घेण्यास सांगितले आहे, कपाळाची नव्हे. त्यामुळे पुण्याजवळची पद्धत थेट ग्रंथातून आली असे मानण्यापेक्षा, हाताने हाताला शिकविलेल्या कारागिरीतून ती विकसित झाली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. हे वृत्त वाचल्यानंतर जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे तशी शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये दोन रुग्णांचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. रुग्णाचे नाव टिकले. क्रूसो व फिंडले या साक्षीदार डॉक्टरांची नावे टिकली. चित्रकार जेम्स वेल्स यांचेही टिकले. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

प्रयोगशाळेतील कूर्चा

१९९७ मध्ये अमेरिकेतील व्हॅकँटी बंधू व सहकाऱ्यांनी उंदराच्या पाठीवर मानवी कानाच्या आकाराची कूर्चा वाढविल्याचे प्रसिद्ध केले. त्या पेशी गाईच्या होत्या व त्यांना विरघळणाऱ्या बहुवारिकाचा साचा दिला होता. छायाचित्र जगभर गाजले. रुग्णापर्यंतचा मार्ग मात्र लांब होता. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा अहवाल दिला. त्वचेच्या कर्करोगामुळे या रुग्णांच्या नाकपुडीचा भाग काढावा लागला होता. त्यांच्याच नाकाच्या पडद्यातील पेशी वाढवून, कोलॅजेनच्या पटलावर कूर्चा तयार करण्यात आली. ही कूर्चा बसविताना तिच्यावर कपाळाच्या किंवा गालाच्या त्वचेचे जोडलेले आवरण घेण्यात आले. प्रयोगशाळेतील नव्या ऊतीलाही जुन्या तत्त्वाचाच आधार घ्यावा लागला.

श्वासनलिकेचा धडा

या तत्त्वाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे स्टॉकहोम येथे दिसले. पाओलो मॅकियारिनी यांनी २०११ पासून तेथे तीन रुग्णांना मूलपेशी लावलेली कृत्रिम श्वासनलिका बसविली. प्लॅस्टिकच्या नळीस स्वतःचा रक्तपुरवठा नव्हता. पेशींमुळे ती जिवंत अवयवात परिवर्तित होईल ही अपेक्षा फलद्रूप झाली नाही. तिन्ही रुग्ण पुढे मरण पावले. २०१८ मध्ये कॅरोलिन्स्का संस्थेने त्यांना वैज्ञानिक गैरवर्तनाबद्दल दोषी ठरविले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. प्रसिद्धी व नामवंत संस्थेचे पाठबळ असूनही परिणामांची नोंद प्रामाणिक नव्हती.

समारोप

वरील तीन घटनांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ऊती घडविण्याचे साधन कोणतेही असो, तिच्या जगण्याची अट रक्तपुरवठा हीच राहते. दुसरी, वैद्यकीय दाव्याची किंमत कर्त्याच्या कीर्तीवर नव्हे, तर इतरांस पडताळून पाहता येईल अशा परिणामावर ठरते. पुण्याजवळच्या त्या अनामिक कारागिराकडे पदवी नव्हती, संस्था नव्हती. त्याने बसविलेले नाक मात्र कोणालाही पाहता येत होते. विज्ञानाचा इतिहास शिकविताना त्याच्या नावाची रिकामी जागा विद्यार्थ्यांस आवर्जून दाखविली पाहिजे.