पुन्हा पनवेल

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे. वर्ष-दीड वर्ष रजा साठवतो आणि एक दिवस पाठीला सॅक लावून दक्षिण अमेरिकेत गायब होतो. गेल्या काही वर्षांत तो तीन वेळा ब्राझीलमधल्या मनाउसला जाऊन आलाय. तीनही वेळा तेच शहर! मी विचारलं, "अरे एवढा मोठा खंड पडलाय, परत परत तिथेच काय?" तर म्हणाला, "पहिल्यांदा गेलो तेव्हा ऑपेरा हाऊस बघितलं. दुसऱ्यांदा धक्का बघितला. तिसऱ्यांदा काहीच बघितलं नाही, नुसता नदीकाठी बसलो." मग त्याने उलटा प्रश्न टाकला. "तुझं असं शहर कुठलं?"

मी म्हटलं, "पनवेल."

कँटीनमधलं अख्खं टेबल हसलं. हसण्यासारखंच आहे म्हणा. पनवेलला कोणी जात नाही, पनवेलवरून जातात. पुण्याची बस तिथे थांबते, कोकणातली गाडी तिथे थांबते, आपण चहा पितो आणि पुढे निघतो. पण मी गेली वीस-बावीस वर्षं या गावात पुन्हा पुन्हा उतरतोय, आणि माझ्याही भेटी साधारण त्या मुलाच्याच क्रमाने झाल्यात. म्हणून हा वीकेंड पनवेलला.

पहिल्या खेपा ट्रेकच्या. २००३ सालची गोष्ट. नोकरी नवी, घर पुण्याला, ऑफिस नवी मुंबईत. शनिवारी पहाटे पनवेल एस. टी. स्टँडवर भेटायचं आणि तिथून ठाकूरवाडीची गाडी पकडून प्रबळगड-कलावंतीण, नाहीतर गोवा रस्त्याने कर्नाळा. कर्नाळ्याचा तो अंगठा वर केलेला सुळका दिसला की अर्धा शीण जायचा. तेव्हा पनवेल म्हणजे आमच्यासाठी स्टँड, स्टँडसमोरची मिसळ आणि सुलभ शौचालय. इतकंच.

एकदा ठाकूरवाडीची गाडी चुकली. पुढची बरीच उशिरा होती. बाकीचे स्टँडवर पत्ते कुटत बसले, मी उगाच गावात शिरलो. तळी लागली. वडाळे, विश्राळे, कृष्णाळे, देवाळे (नावांचं यमक कोणी जुळवलंय कुणास ठाऊक). महात्मा गांधी मार्गावर एक सिनेगॉग लागलं, बेथ एल, १८४९ साली बांधलेलं. बेने इस्रायली म्हणजे आपले शनवार तेली. कोकणातल्या किनाऱ्याला शेकडो वर्षं तेल गाळणारे, मराठी बोलणारे ज्यू. तिथून बंदर रोड असं नाव असलेल्या रस्त्याला लागलो. बंदर? पनवेलला? समुद्र कुठाय इथे?

रस्ता कोळीवाड्याशी संपला आणि समोर गाढी नदीची खाडी आली. ओहोटी होती. काळा चिखल, खारफुटी, दोन-तीन होड्या कलंडून पडलेल्या, आणि वास. एक म्हातारे कोळीकाका जाळं शिवत बसले होते. मी विचारलं, "काका, बंदर कुठे आहे?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "हेच. भरतीला ये, मग दिसंल."

हे वाक्य डोक्यात राहिलं. आल्यावर वाचायला घेतलं आणि वाचतच गेलो.

माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी तशी चिमुकली. पण तिच्या खाडीने पनवेलला मुंबईच्या बंदराशी जोडलं होतं, आणि पनवेलच्या पाठीशी बोरघाट होता. नकाशा उघडून बघा. मुंबई बेटावरून देशावर जायचं तर जमिनीने सगळीकडे खाड्या आडव्या येतात. त्यापेक्षा होडीत बसावं, भरतीबरोबर थेट पनवेलपर्यंत आत यावं आणि तिथून खोपोली, घाट, खंडाळा, पुणे. म्हणजे पनवेल हे समुद्राचं शेवटचं आणि घाटाचं पहिलं स्टेशन. देशावरून धान्य, कापूस, गूळ उतरायचा; खालून मीठ, मासळी, नारळ चढायचे. वाटेत खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आजही आहे. घाट चढायच्या आधी माणसांना आणि बैलांना पाणी हवंच की.

या रस्त्यावरचा इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध ट्रॅफिक जॅम १७७८ चा. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांनी फौज काढली. नोव्हेंबरात ती होड्यांनी पनवेलच्या बाजूला उतरली. लढणारे जेमतेम चार हजार आणि सामान ओढायला एकोणीस हजार बैल! एका शिपायामागे जवळजवळ पाच बैल. हे लटांबर घाटमाथ्यावर पोचायला डिसेंबरची अखेर आली. तोवर मराठ्यांना जमवाजमव करायला भरपूर वेळ मिळाला. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला (आपल्या लोकांनी त्याचा 'इष्टुर फाकडा' केला, वडगावला त्याची समाधी आहे), फौज तळेगावहून मागे फिरली आणि वडगावला गाठली गेली. तह झाला. पुण्याला जायचं म्हणून निघालेले लोक वडगावहूनच परत. एक्सप्रेसवेवर लाँग वीकेंडला अडकलात की हे आठवून बघा, थोडं बरं वाटतं.

इंग्रज धडा शिकले, तो रस्त्याचा. १८०४ साली आर्थर वेलस्लीने घाटातून तोफा जाऊ शकतील इतपत काम करवून घेतलं. १८२५ मध्ये बिशप हेबर पुण्याला गेला तोही होडीने पनवेलला उतरून. मग गव्हर्नर जॉन माल्कम याने १० नोव्हेंबर १८३० ला चाकाच्या गाड्या चालतील असा बोरघाटाचा रस्ता खुला केला. आता बैलाच्या पाठीवरचं ओझं गाडीत आलं.

आणि इथे पनवेलने काय केलं? चाकं केली. जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून लिहिलंय बैलगाडीची चाकं बनवणं, आणि ती चाकं देशावर जात. मला हे वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकाची काय अवस्था होत असेल याची कल्पना करा. ती जिथे टेकते तिथेच सुतार-लोहार जमणार. अर्थात हा माझा तर्क. पण गिऱ्हाईकाची अडचण जिथे होते तिथे दुकान टाकावं, हे पनवेलकरांना एम. बी. ए. न करता कळलं होतं.

१८५२ साली पनवेलला नगरपालिका आली, राज्यातल्या सगळ्यात आधीच्यांपैकी एक. म्हणजे गावाकडे पैसा होता, वर्दळ होती.

चारच वर्षांत, १८५६ च्या मे महिन्यात, कल्याणकडून आलेली आगगाडी खोपोलीला पोचली. रूळ पनवेलपासून लांबून गेले. आता पुण्याच्या प्रवाशाने होडी, भरती, चिखल या भानगडीत कशाला पडावं? आगगाडीने थेट घाटाच्या पायथ्याशी उतरावं, पालखी किंवा घोड्याने घाट चढावा आणि १८५८ पासून वर खंडाळ्याला परत गाडीत बसावं. मग खुद्द घाटातही रूळ आले. पंचवीस बोगदे, कॉलरा, हजारो मजुरांचे जीव. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते काम पुढे नेलं (तिच्यावर एक वेगळा वीकेंड घालवायचाय). २१ एप्रिल १८६३ ला घाटाचं उद्घाटन झालं आणि पनवेलचं बंदर म्हणून असलेलं मोठेपण संपलं. एका दिवसात नाही संपलं, पण त्या दिवसापासून उतरणीला लागलं.

मनाउसचंही असंच झालं. रबराच्या पैशावर त्यांनी जंगलात ऑपेरा हाऊस उभारलं, १८९६ साली. त्याच्या वीस वर्षं आधीच, १८७६ मध्ये, हेन्री विकहॅम नावाचा इंग्रज रबराच्या बिया ब्राझीलमधून लंडनला घेऊन गेला होता. पुढे त्यांची रोपं आशियात लागली आणि १९१२ च्या सुमाराला मनाउसचा बाजार बसला. तिथे बी गेलं, इथे रूळ गेले. एवढाच फरक.

पण गाव बसलं म्हणून माणसं बसत नाहीत. १८७२ मध्ये पुराणिक वैद्यांनी याच पनवेलला धूतपापेश्वर औषधांचा कारखाना सुरू केला, तो कंपनीच्या रूपाने आजही आहे. जवळच्या शिरढोणला १८४५ साली जन्मलेला एक मुलगा पुण्याला लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून झाला आणि १८७९ मध्ये त्याने सरकारविरुद्ध बंड उभारलं. वासुदेव बळवंत फडके. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. नातवाला पकडून एडनला पाठवलं. तिथल्या तुरुंगातून १८८३ च्या फेब्रुवारीत तो निसटला, पकडला गेला आणि त्याच महिन्यात वारला. पनवेलच्या नाट्यगृहाला त्याचं नाव आहे. नाटकाच्या मध्यंतरात कधी कोणी त्याच्याबद्दल बोलताना मी तरी ऐकलेलं नाही.

रेल्वे पनवेलला आली ती थेट १९६० च्या दशकात, दिव्याहून. म्हणजे शंभर वर्षांनी! १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, सिडकोचं शहर वाढत गेलं, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि पनवेल पुन्हा सगळ्यांच्या वाटेवर आलं. मग २००२ मध्ये एक्सप्रेसवे पुरा झाला आणि कळंबोलीहून गाड्या परस्पर जायला लागल्या. बायपास होणं हा या गावाचा नशिबाचा भागच दिसतो.

माझी पुढची खेप २००५ च्या ऑगस्टमधली. २६ जुलैच्या पावसात गाढीचं पाणी गावात शिरलं होतं. ट्रेक वगैरे काही नव्हता, आम्ही चार-पाच जण चादरी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन गेलो होतो. कोळीवाड्यात गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीच्या वर. लोक गाद्या वाळत घालत होते. ते काका भेटले. मी म्हटलं, "काका, नदीने फारच केलं हो." ते म्हणाले, "नदीनं काय केलं? ती आपल्या वाटंनं आली. वाटंत भराव कोणी टाकला?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं. आता आहे, आणि त्यात माझंही नाव आहे, कारण २०११ साली मी याच भागात फ्लॅट घेतला. बिल्डरच्या माणसाने कौतुकाने सांगितलं की इथे पूर्वी नुसती मिठागरं होती, काहीच नव्हतं. 'काहीच नव्हतं' हे त्याचे शब्द. सही करताना मला दि. बा. पाटील आठवले नाहीत, खोटं कशाला सांगू? ते नंतर वाचले. जासईचे, पाच वेळा पनवेलचे आमदार. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्यांना परत मिळायला लागला तो त्या लढ्यामुळे. आमच्या सोसायटीच्या कागदपत्रांत 'साडेबारा टक्के' हे शब्द आहेत. मी ते होमलोनच्या व्याजासारखे वाचून सोडून दिले होते.

त्यानंतर उलव्याची टेकडी गेली. कलावंतीणवरून उतरताना खाडीकडे बघायची आम्हाला सवय होती. एका वर्षी टेकडी अर्धी दिसली, पुढच्या वर्षी दिसलीच नाही. विमानतळासाठी ती सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा वस्त्या उठवल्या. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली. २०२१ मध्ये हजारो माणसं रस्त्यावर उतरली होती ती विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून. विमानतळ नको असं म्हणणारा मी नाही. मनाउसचा तो मुलगा पुढच्या खेपेला कदाचित इथूनच उडेल, आणि मी त्याला सोडायला रिक्षाने जाईन. पण टेकडी होती तिथे आता बोट दाखवून मुलीला काय सांगायचं, हे मला सुचत नाही.

गेल्या रविवारी तिला घेऊन बंदर रोडने गेलो. मुद्दाम भरतीची वेळ बघून. पाणी चढलं होतं, चिखल दिसत नव्हता, होड्या सरळ उभ्या होत्या. पहिल्यांदाच मला बंदर दिसलं. काका आता नाहीत, त्यांचा मुलगा होता. डोक्यावरून एक विमान गेलं आणि मुलीने हात हलवला. आम्ही गप्पा मारत बसलो. कुठे राहता, म्हणून त्याने विचारलं. मी सोसायटीचं नाव सांगितलं. त्याला ती जागा माहीत होती, लहानपणी तिथे खेकडे पकडायला जायचा म्हणे.

मग त्याने विचारलं, "कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या."

"मग बरंय," तो म्हणाला आणि होडीचा दोर सोडायला उठला.