ऑरेंजबर्गची बोलिंग ॲली

बोलिंग म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. अमेरिकेत मात्र बोलिंग हा छपराखालचा खेळ आहे. गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला मांडलेल्या, बाटलीच्या आकाराच्या दहा पिना पाडायच्या. आपल्याकडे मॉलमध्ये अनेकांनी तो पाहिला असेल. तिकडे गावोगावी एखादं कुटुंब अशी बोलिंग ॲली चालवायचं. संध्याकाळी शेजारीपाजारी जमायचे, खेळायचे, तिथेच काउंटरवर काहीबाही खायचे.

साउथ कॅरोलायना राज्यातल्या ऑरेंजबर्ग गावात हॅरी फ्लॉइड यांची अशीच एक ॲली होती. नाव ‘ऑल स्टार’. गावात दुसरी ॲली नव्हती. जवळच कृष्णवर्णीयांची दोन महाविद्यालयं होती, पण तिथल्या मुलांना ‘ऑल स्टार’मध्ये प्रवेश नव्हता. सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करायला बंदी घालणारा कायदा १९६४ मध्येच झाला होता. फ्लॉइड यांचं म्हणणं असं, की ही माझी खासगी मालमत्ता आहे, हा कायदा मला लागू नाही.

हा प्रश्न न्यायालयात सुटण्यासारखा होता. पण वेळेवर कोणी तो तिथे नेला नाही. अखेर ५ फेब्रुवारी १९६८ च्या संध्याकाळी काही विद्यार्थी आत शिरले. मालकांनी त्या रात्री ॲलीच बंद केली. दुसऱ्या दिवशी मुलं पुन्हा आली. या वेळी अटका झाल्या. बाहेर जमलेल्या गर्दीत ॲलीची एक काच फुटली आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मुलींनाही मार बसला. गावात सशस्त्र पोलीस आणि नॅशनल गार्डचे सैनिक आले.

आठ तारखेच्या रात्री साउथ कॅरोलायना स्टेट कॉलेजच्या आवारात मुलांनी शेकोटी पेटवली होती. ती विझवायला अग्निशामक बंब आला, सोबत पोलीस. कोणीतरी फेकलेली लाकडी वस्तू एका पोलिसाला लागली आणि तो खाली पडला. काही मिनिटांनी महामार्ग पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. सगळा प्रकार काही सेकंदांचा. सॅम्युअल हॅमंड, हेन्री स्मिथ आणि डेलानो मिडलटन हे तिघे मरण पावले. मिडलटन तर सतरा वर्षांचा, अजून शाळेत शिकणारा. त्याची आई कॉलेजात कामाला होती. पंचवीसहून अधिक जण जखमी झाले. बहुतेकांना गोळ्या पाठीत किंवा कुशीत लागल्या होत्या. म्हणजे मुलं पळत होती, नाहीतर जमिनीवर पडत होती.

दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला, अशी बातमी आधी पसरली. ती खोटी होती. विद्यार्थ्यांकडून गोळीबार झाल्याचा पुरावा मिळाला नाही. नऊ पोलिसांवर खटला चालला, १९६९ मध्ये सगळे सुटले. तुरुंगात गेला तो क्लीव्हलंड सेलर्स हा तरुण कार्यकर्ता. तो स्वतः त्या रात्री गोळी लागून जखमी झाला होता. त्याला माफी मिळायला १९९३ उजाडलं.

आणि ॲलीचं काय झालं? गोळीबारानंतर दोनच दिवसांनी सरकारने न्यायालयात धाव घेतली. महिना संपायच्या आत निकालही लागला. फ्लॉइड यांचं खासगीपण न्यायालयाने मानलं नाही. त्यांच्या ॲलीत खाण्याचा काउंटर होता, तिथे परराज्यातून आलेला माल विकला जात होता, म्हणून कायदा लागू. दार सगळ्यांना उघडा, असा हुकूम झाला. ज्या कामाला न्यायालयाला काही आठवडेसुद्धा लागले नाहीत, ते आधी झालं असतं तर तीन घरं उजाड झाली नसती.

फ्लॉइड कुटुंबाने पुढे कित्येक वर्षं ॲली चालवली. तिथे गोरे खेळले, काळेही खेळले. धंदा काही बुडाला नाही. २००७ मध्ये ती बंद पडली. अलीकडे एका संस्थेने ती जागा विकत घेऊन स्मारक म्हणून जपण्याचं काम हाती घेतलं आहे.

कॉलेजातल्या क्रीडागृहाला आता स्मिथ, हॅमंड आणि मिडलटन यांची नावं आहेत. खेळायला जागा मागणाऱ्या मुलांची आठवण खेळाच्या जागेतच राहिली आहे. दुकान घरचं असू शकतं. पण एकदा ते गावासाठी उघडलं, की कोणत्या गावकऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हा निर्णय घरचा उरत नाही.