हाताला मुंग्या, दोष कुठे?

मंडळी, दुबईत रास अल खोर म्हटलं की आपल्याला खाडीतले फ्लेमिंगो आठवतात. पण त्याच नावाची मोठी औद्योगिक वसाहतही जवळच आहे. गॅरेजेस, वर्कशॉप्स, गोदामं. गोदामांत सॉफ्टवेअर बसवायच्या कामानिमित्त माझं तिथे जाणं होतं आणि एक तक्रार हमखास कानावर येते, "हाताला मुंग्या येतात हो!" ग्राइंडर चालवणारा म्हणतो, ट्रक ड्रायव्हर म्हणतो, अकाउंट्सवालाही म्हणतो. उपाय सगळ्यांचा एकच. हात झटकायचा आणि कामाला लागायचं.

तक्रार एकच असली तरी दोष दर वेळी वेगळ्या ठिकाणी असू शकतो. आमच्या कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर गडबड दिसते स्क्रीनवर, पण बिघाड केबलमध्येही असू शकतो नि सर्व्हरमध्येही. हाताच्या बाबतीत हे उलगडायला डॉक्टरांना शंभरेक वर्षं लागली.

आपल्या महाराष्ट्रात बधिरपणा म्हटलं की पूर्वी एकच भीती होती, 'महारोग'. अंगावर बधिर चट्टा दिसला की घरचेच माणसाला बाहेर काढत. मुंबईत अशा बेघर रुग्णांसाठी १८९० मध्ये माटुंगा-वडाळा भागात आश्रयस्थान उभं राहिलं, ते म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने. (शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ते हेच अ‍ॅकवर्थ!) पुढे मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला आणि नंतर बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवनात या रुग्णांना हक्काचं घर दिलं.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्येच शोधला होता. हा जंतू त्वचेबरोबर मज्जातंतूंवर म्हणजे नसांवर हल्ला करतो. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, वाकडं होतं. पण बोटं 'झडतात' हा समज मोडला तो वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी. चटका कळत नाही, म्हणून माणूस गरम भांडं हातात धरून ठेवतो. काच लागल्याचं कळत नाही, म्हणून जखम चिघळते. नुकसान होतं ते वेदना न कळल्यामुळे, हे त्यांनी दाखवून दिलं.

दुसरा धागा मनगटाचा. मनगट मोडल्यावर तिथली नस दाबली गेल्याची नोंद लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये केली. १८८० मध्ये बोस्टनच्या पटनम यांनी रात्री हात बधिर होऊन झोपमोड होणाऱ्या रुग्णांबद्दल लिहिलं. १९१३ मध्ये पॅरिसच्या मारी आणि फोआ यांनी दोष मनगटातल्या अरुंद बोगद्यात असल्याचं दाखवलं. तरीही कित्येक वर्षं डॉक्टर मानेकडेच बोट दाखवत राहिले. काहींच्या तर बरगडीवर शस्त्रक्रिया झाल्या! १९५० नंतर अमेरिकेच्या फॅलन यांनी 'कार्पल टनेल' सर्वांना परिचित केलं आणि १९५६ मध्ये एडिंबराच्या सिम्प्सन यांनी नसेतला संदेश मनगटापाशीच मंदावतो हे विजेच्या तपासणीने मोजून दाखवलं.

म्हणजे मान निर्दोष सुटली का? छे! मानेच्या मणक्यांतून निघणारी नस दाबली गेली तरी बोटं बधिर होतात. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, कुठली बोटं? अंगठा ते मधलं बोट आणि त्रास रात्री जास्त, तर मनगटाचा संशय. करंगळीची बाजू असेल तर कोपराचा. मान वळवली की दंडातून कळ येत असेल तर मानेचा.

रास अल खोरच्या ग्राइंडरवाल्यांसाठी आणखी एक पान. १९१८ मध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या दगडखाणीत पाहिलं की, हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं वापरणाऱ्या कामगारांची बोटं थंडीत पांढरी आणि बधिर पडतात. हत्याराची थरथर हे त्याचं कारण.

आज या यादीत मधुमेह, थायरॉइड आणि बी-१२ ची कमतरता यांचीही भर पडली आहे. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावं.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट समान आहे. वेळ दवडली की नस परत येत नाही. कुष्ठरोगावर १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले बहुविध औषधोपचार आहेत आणि रोग पूर्ण बरा होतो, पण उशीर झाला तर गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. कार्पल टनेलमध्येही अंगठ्याखालचा स्नायू एकदा झिजला की ऑपरेशननंतरही तो पूर्ण भरून येईल याची खात्री नसते.

तेव्हा वाचकहो, मुंग्या वारंवार येत असतील तर कुठली बोटं, कधी, काय करताना, हे कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. हातातून वस्तू निसटू लागल्या, शर्टाचं बटण लागेना किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर अजिबात थांबू नका. एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, त्यात तोंड वाकडं किंवा बोलणं अडखळत असेल, तर थेट इमर्जन्सी गाठा. आणि तुमच्या हाताखाली कुणी ग्राइंडर, ड्रिल चालवत असेल, तर या दिवाळीत त्याला एकदा विचाराच, "काय रे, हात बधिर होतात का?" पगार कापला जाईल या भीतीने तो स्वतःहून सांगणार नाही.