परमुलखात जन्मलेले मूल कोणाचे?

परदेशी जन्मलेल्या बाळाचे नागरिकत्व हा विषय जाहीर झाला, तेव्हा पुष्कळांना वाटले असेल, की हा अमेरिकेस गेलेल्या इंजिनिअरांचा प्रश्न. सोनईला त्याचे काय? परंतु या प्रश्नाचा इतिहास विमानतळावर सुरू होत नाही. तो उसाच्या फडात सुरू होतो. आणि उचल, मुकादम, कोयता व कोपी हे शब्द मुळा कारखान्याच्या या गावाला समजावून सांगावे लागत नाहीत.

मॉरिशस बेटावरील गुलामगिरी १८३५ साली कायद्याने संपली. ऊस मात्र तोडावाच लागत होता. मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्याचा प्रघात १८३४ पासूनच पाडला होता. 'अॅग्रिमेंट' हा शब्द मजुरांच्या तोंडी गिरमिट झाला. पोर्ट लुई बंदरातील ज्या धक्क्यावर ही माणसे उतरत, त्यास पूर्वी कुली घाट म्हणत; आज तो आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख माणसे त्या घाटावर उतरली. काही तेथून पुढे दुसऱ्या वसाहतींत गेली, बहुतेक बेटावरच राहिली. कलकत्ता व मद्रास या बंदरांतून पुष्कळ गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे आपले मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही कास्कावेल व आसपासच्या गावांत राहतात आणि गणपती बसवितात.

घाटावर उतरलेल्या प्रत्येक माणसास एक नंबर मिळे. वहीत त्याचे नाव, बापाचे नाव, वय, गाव, जिल्हा आणि अंगावरील खुणा लिहीत. हा लेखाजोखा मजुराच्या भल्यासाठी नव्हता. माणूस पळाला तर तो सापडावा, यासाठी होता. येथे आपला प्रश्न उभा राहतो. मळ्यातल्या झोपडीत जे मूल जन्मले, त्याने कसल्याही करारावर अंगठा उठविला नव्हता. मग ते कोणाचे?

त्या काळचे कायदेशीर उत्तर सोपे होते: बादशहाच्या मुलखात जन्मले, ते बादशहाची प्रजा. रत्नागिरीत जन्मलेला बाप व मॉरिशसला जन्मलेला मुलगा दोघेही प्रजाच. पण प्रजा म्हणजे नागरिक नव्हे. प्रजेवर हुकूम चालतो. नागरिकाला हक्क असतो. या दोन शब्दांमधले अंतर कापायला मजुरांच्या तीन-चार पिढ्या लागल्या.

हे अंतर किती क्रूर असू शकते, ते दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने दाखविले. करार संपल्यावर जो मजूर पुन्हा करार करीत नाही व परतही जात नाही, त्याच्यावर तेथे १८९५ च्या कायद्याने वर्षाला तीन पौंड कर बसला. करारातला पहिल्या वर्षाचा पगार महिना दहा शिलिंग. म्हणजे हा कर सहा महिन्यांची मजुरी झाली. पुढे १९०३ च्या कायद्याने तो सोळा वर्षांचे मुलगे व तेरा वर्षांच्या मुली यांच्यावरही लादला. बापाने अंगठा उठविला आणि दंड लेकरांनी भरला. १९१३ च्या मार्चमध्ये केप प्रांतातील न्यायालयाने असा निर्णय दिला, की ख्रिस्ती पद्धतीने न झालेली व सरकारदरबारी न नोंदलेली लग्ने कायदेशीर नव्हेत. एका निकालासरशी हजारो आया बिनलग्नाच्या ठरण्याची व त्यांची मुले बेवारस होण्याची पाळी आली.

या अन्यायाविरुद्ध कायदेमंडळात उभा राहिला तो आपला रत्नागिरीकडचाच माणूस, गोपाळ कृष्ण गोखले. १९१२ साली त्यांनी गिरमिट पद्धतच बंद करण्याचा ठराव मांडला. तो सरकारी मतांनी पडला. त्याच वर्षी ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. परंतु कर उठला तो ठरावाने किंवा भाषणाने नव्हे. १९१३ च्या ऑक्टोबरात न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील मजुरांनी काम बंद केले. पाठोपाठ किनाऱ्यावरील उसाचे मळे थांबले. गांधीजी तुरुंगात गेले, बायका तुरुंगात गेल्या. १९१४ साली कायदा होऊन तीन पौंडांचा कर रद्द झाला आणि त्या विवाहांना मान्यता मिळाली. लेकरांचा हक्क खाण आणि फड बंद पाडून मिळविला गेला, हे कामगार चळवळीने विसरू नये. गिरमिटाची भरती १९१७ साली थांबली. मॉरिशसमध्ये सर्व प्रौढांच्या मतदानाने पहिली निवडणूक १९५९ साली झाली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि मळ्यात जन्मलेली प्रजा त्या देशाची नागरिक झाली.

आता आपल्या घराकडे वळू. स्वतंत्र भारताचा नागरिकत्वाचा कायदा १९५५ सालचा. परदेशी जन्मलेले मूल भारतीय केव्हा? त्या कायद्याने उत्तर दिले: बाप भारतीय असेल तेव्हा. आईचे नावच नाही! परदेशात नोकरी करणाऱ्या भारतीय परिचारिकेने तेथल्या माणसाशी लग्न केले, तर तिचे मूल वंशाने भारतीय होत नसे. ही चूक दुरुस्त व्हायला १९९२ साल उजाडले. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट आली. मुलाचा जन्म एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंदवावा लागतो आणि त्याच्यापाशी परक्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांनी लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले, तर केंद्र सरकारच्या परवानगीवाचून नोंद नाही.

इंजिनिअराला हे ठाऊक असते. आखातात गवंडीकाम करणाऱ्याला बहुधा नसते. आखाती देशांत केवळ जन्मल्याने कोणी तेथला नागरिक होत नाही. म्हणजे वकिलातीतील ती नोंद हाच त्या बाळाचा आधार. अमेरिकेत १८६८ च्या घटनादुरुस्तीने, आणि वाँग किम आर्क या चिनी स्वयंपाक्याच्या खटल्यात १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने, तेथे जन्मलेला तो तेथला नागरिक असे ठरविले. तरीही २० जानेवारी २०२५ रोजी तेथील अध्यक्षांनी हुकूम काढला, की आई तात्पुरत्या परवान्यावर आणि बाप नागरिक वा कायम रहिवासी नसेल, तर मुलास नागरिक मानू नये. काही दिवसांतच न्यायाधीशांनी त्यास स्थगिती दिली. ब्रिटनने तर १ जानेवारी १९८३ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व देणे बंदच केले. श्रम हवेत, पण श्रमिकाचे मूल नको, ही मळेवाल्यांची जुनी वृत्ती नव्या पोशाखात पुनःपुन्हा डोके वर काढते.

इतिहासाने मात्र मळेवाल्यांवर एक सूड उगविला आहे. मजूर पळू नये म्हणून लिहिलेल्या त्या वह्या आज मॉरिशसच्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. भारताने २००५ साली परदेशस्थ भारतवंशीयांसाठी ओसीआय कार्डाची सोय केली; त्यात मताचा हक्क नाही, पण येण्याजाण्याची व राहण्याची मोकळीक आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस येथे जाहीर केले, की तेथील भारतवंशीयांच्या सातव्या पिढीलाही ते मिळेल. आपला खापरपणजा कोठला, हे सिद्ध करायला त्या पिढीला त्याच वह्यांचा आधार आहे.

ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याची ग्रॅच्युइटी बुडते, हे प्रत्येक कामगार जाणतो. जन्मनोंद हा माणसाचा पहिला हजेरीपट. आपल्या देशात जन्म जेथे होतो तेथेच, एकवीस दिवसांच्या आत, नोंदवावा लागतो. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, मतदारयादी व पासपोर्ट यांसाठी जन्माचा दाखला हाच पुरावा आहे. कोपीत जन्मलेल्या बाळाची टोळी हंगाम संपताच गाव सोडते आणि नोंद राहून जाते. ते मूल परदेशी जन्मलेले नाही. पण दाखल्यावाचून ते आपल्याच देशात परके ठरू शकते. मॉरिशसच्या मळेवाल्याने आपल्या स्वार्थासाठी का होईना, माणसांची नावे लिहून ठेवली. कारखाना, मुकादम, ग्रामपंचायत आणि आपली संघटना यांना ते न्यायासाठी करता येऊ नये काय?