एमएस आणि 'लिबरेशन थेरपी': मानेतली शीर फुगवल्याने आजार बरा होतो का?

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं आवरण खराब करते. वायरचं इन्सुलेशन गेल्यावर सिग्नल गडबडतो ना, साधारण तसंच. चालणं, बघणं, तोल सांभाळणं, सगळंच अवघड होत जातं.

२००९ मध्ये इटलीतल्या फेरारा विद्यापीठाचे रक्तवाहिन्यांचे सर्जन पाओलो झांबोनी यांनी वेगळंच कारण मांडलं. मानेतल्या आणि छातीतल्या शिरा अरुंद झाल्याने रक्त तुंबतं, मेंदूत लोह साचतं आणि त्यातून एमएस होतो. या अवस्थेला त्यांनी 'सीसीएसव्हीआय' नाव दिलं. उपाय काय, तर जांघेतल्या शिरेतून कॅथेटर घालून अरुंद जागी फुगा फुगवायचा. झांबोनींच्या पत्नीलाच एमएस होता, त्यामुळे त्यांची तळमळ खरी होती. पण पहिल्या ६५ रुग्णांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. शिवाय जवळपास निम्म्यांच्या मानेतल्या शिरा दीड वर्षात पुन्हा अरुंद झाल्या.

तरी बातमी पसरली, विशेषतः कॅनडात, जिथे एमएसचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांइतकं आहे. तिथे हा उपचार मिळेना, म्हणून रुग्ण पोलंड, कोस्टारिका, अगदी भारतापर्यंत गेले, तेही स्वतःच्या खिशातून पैसे भरून. बुडत्याला काडीचा आधार. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

धोका मात्र खरा होता. काही ठिकाणी फुग्याबरोबर स्टेंटही बसवले. आता गंमत बघा: धमनी हृदयापासून लांब जाताना अरुंद होते, शीर मात्र हृदयाकडे रुंद होत जाते. म्हणजे सुटलेला स्टेंट थेट हृदयाकडे सरकू शकतो. अमेरिकेत एका रुग्णाच्या बाबतीत तसं झालंही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मृत्यू, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या अशा धोक्यांचा जाहीर इशारा दिला.

मग अनेकांना बरं का वाटलं? एमएसची लक्षणं बऱ्याच रुग्णांत आपोआप कमी-जास्त होतात, त्यात प्लासिबोची भर. हे वेगळं काढायचं तर काहींवर खोटी प्रोसिजर करावी लागते आणि कोणावर कोणती केली हे रुग्ण आणि तपासणारे डॉक्टर दोघांनाही कळू द्यायचं नसतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले साध्या बटणाच्या रंगासाठी ए/बी टेस्ट करतो, इथे ती यायला काही वर्षं लागली! दरम्यान २०१३ च्या कॅनडातल्या अभ्यासात अरुंद शिरा निरोगी लोकांतही जवळपास तितक्याच आढळल्या.

२०१७ मध्ये 'ब्रेव्ह ड्रीम्स' चाचणीचा निकाल आला. ७६ जणांवर खरी, ३९ जणांवर खोटी प्रोसिजर. एका वर्षानंतर रुग्णांच्या हालचालींत आणि कामांत ठोस फरक नाही. एमएससाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्या त्या चाचणीचे प्रमुख होते स्वतः झांबोनी.