आख्यायिकेचे स्थलांतर : एडिसनचा निकेल-लोह संचायक

विजेच्या दिव्यासाठी हजारो निष्फळ प्रयोग केल्यावर एडिसन निराश झाला नाही. काय उपयोगी नाही हे तरी कळले, असे त्याने हसून सांगितले. ही गोष्ट आपल्याकडच्या शालेय भाषणांतूनही अनेकांनी ऐकली असेल. तिचा मूळ पाठ शोधू गेल्यास मात्र दिवा सापडत नाही. डायर आणि मार्टिन यांच्या १९१० मधील एडिसनचरित्रात हा प्रसंग सहकारी वॉल्टर मॅलरी यांच्या तोंडून येतो. तेथे लांबलचक मेजावर शेकडो छोटे चाचणी-घट मांडलेले आहेत, नऊ हजारांवर प्रयोग झालेले आहेत, आणि प्रश्न आहे तो विद्युत्संचायकाचा. पुढे संवाद तसाच राहिला; मेजावरचे घट तेवढे गेले.

असे का व्हावे? याचे उत्तर त्या संचायकाच्या इतिहासातच शोधावे लागते. विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी शिसे आणि आम्ल यांचा घट एडिसनला जड आणि क्षरणशील वाटे. म्हणून त्याने निकेलचे संयुग, लोखंड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे अल्कधर्मी द्रावण यांची योजना केली. १९०३ साली विक्रीस आलेले घट गळू लागले, त्यांची क्षमता घटली, आणि १९०४ मध्ये उत्पादन थांबवावे लागले. सुधारित घट १९०९ साली आला. तो उत्तम होता. पण त्याच्या आदल्याच वर्षी फोर्डची ‘मॉडेल टी’ बाजारात उतरली होती. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला. त्याला क्षणभर मोठा प्रवाह लागे. निकेल-लोह घट, विशेषतः थंडीत, तो देऊ शकत नसे. मोटारीतील जागा शिशाच्या घटाने घेतली. एडिसनचा घट खाणकामगारांच्या दिव्यांत आणि रेल्वेच्या डब्यांत दीर्घकाळ निमूटपणे राबला. एडिसनच्या कारखान्यातील परंपरा १९७५ मध्ये संपली.

चिकाटीच्या बोधकथेला असा शेवट सोयीचा नसतो. तिला उजळणारा दिवा हवा असतो. आख्यायिकेचे हे स्थलांतर त्यामुळे केवळ विस्मरणातून झाले, असे मला वाटत नाही.

याच कथेतून आणखी एक व्यक्ती निसटते. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ साली निकेल-कॅडमियम घट सिद्ध केला. कॅडमियमच्या जागी लोखंड वापरूनही त्याने पाहिले होते. पण भारण नीट होईना, वायू फार सुटे, म्हणून त्याने तो मार्ग सोडला. पुढे दोघांत एकस्वांचे वाद झाले. आपल्या अभ्यासशाखेत प्रभाव आणि समांतर निर्मिती यांतील सीमारेषेवर आपण पुष्कळ शाई खर्चिली आहे. तीच रेषा येथे वकिलांनी आखायची होती. इंग्रजी व्यवहारात या घटाला ‘एडिसन घट’ हेच नाव रुळले.

युंगनरला नकोसा झालेला तो वायू म्हणजे मुख्यतः पाण्याच्या विघटनातून सुटणारे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच घट पूर्ण भारित झाल्यावर इंधन म्हणून हायड्रोजन देणारे उपकरण म्हणून मांडला. धातू तेच, द्रावणही अल्कधर्मीच. युंगनरने ज्याला दोष म्हटले होते, त्याचे वाचन तेवढे पालटले.