मुंबईची शेअर लाट आणि मनाचा तोल

व्यापार हा आपल्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. दुकानाची शिल्लक कोठे गुंतवावी, हा प्रश्न त्यामुळे घरोघरी निघतोच. त्याचे उत्तर शोधताना आपल्याच समाजातील एका थोर व्यापाऱ्याच्या काळाकडे वळून पाहणे उद्बोधक ठरेल.

शेठ प्रेमचंद रायचंद यांचा जन्म 1831 मध्ये सुरतेच्या जैन कुटुंबात झाला. तरुण वयातच ते मुंबईच्या शेअर दलालांचे अग्रणी बनले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. ती गरज हिंदुस्थानच्या कापसाने भागविली आणि मुंबईत पैशाचा अक्षरशः पूर आला. सुरतेहून वसई-विरारमार्गे मुंबईस येणारा लोहमार्गही याच धामधुमीत, 1864 मध्ये, सुरू झाला.

आलेला पैसा शेअर्सकडे वळला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या 5,000 रुपयांच्या शेअरचा भाव 50,000 च्या घरात गेला. बँक ऑफ बॉम्बेचा 500 रुपयांचा शेअर 2,850 पर्यंत चढला. कंपनीचे काम काय, नफा किती, हे विचारण्यास कोणास सवड नव्हती. शेजारी श्रीमंत झाला, मग आपण मागे का राहावे, एवढेच कारण पुरे होते. बँकांनीही शेअर्सच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली.

एप्रिल 1865 मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि कापसाचे भाव कोसळले. 1 जुलै 1865 रोजी वायद्याच्या सौद्यांची मुदत भरली, तेव्हा देणी भागविण्यास पैसाच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 87 रुपयांवर आला आणि 1868 मध्ये ती बँक गुंडाळली गेली. स्वतः प्रेमचंद शेठही यातून सुटले नाहीत. बाजाराची नाडी जाणणारा सर्वात कुशल पुरुषही लाटेत सापडला, तेथे सामान्य गृहस्थाची काय कथा?

लोभाने चढत्या भावात घ्यायचे आणि भयाने उतरत्या भावात विकायचे, हा मनुष्यस्वभाव दीडशे वर्षांत बदललेला नाही. त्यावर एक उपाय मात्र पुढे सापडला. 1976 मध्ये अमेरिकेत जॉन बोगल यांनी सामान्य गुंतवणूकदारांसाठी निर्देशांक फंड काढला. एखादी कंपनी निवडण्याऐवजी निर्देशांकातील सर्व कंपन्यांचे शेअर्स त्याच प्रमाणात घ्यावेत, वारंवार खरेदी-विक्री करू नये आणि खर्च कमी ठेवावा, हे त्याचे सूत्र. प्रारंभी या कल्पनेची टिंगल झाली. आपल्या देशातही 2000 च्या सुमारास निफ्टीवर आधारलेले असे फंड आले.

यात पडझड टळते असे नव्हे. जानेवारी 2008 मध्ये 21,000 च्या आसपास असलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 8,000 च्या खाली गेला. घाबरून विकणाऱ्यांचे नुकसान कायमचे झाले. स्वस्थ बसणाऱ्यांना नोव्हेंबर 2010 मध्ये जुनी पातळी पुन्हा दिसली. बुडालेली एक बँक परत येत नाही. अनेक कंपन्यांचा समूह मात्र बहुधा सावरतो. परंतु जपानचा निक्केई निर्देशांक 1989 चा उच्चांक ओलांडण्यास 2024 पर्यंत थांबला, हेही ध्यानी ठेवावे. म्हणून मुलीच्या लग्नाचा, औषधपाण्याचा वा दुकानाच्या मालाचा पैसा येथे घालू नये. आणि कर्ज काढून तर मुळीच नाही.

आपणांस नियमाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. परिग्रह-परिमाणाची मर्यादा मोह समोर उभा राहण्यापूर्वीच घातली जाते, म्हणूनच ती टिकते. गुंतवणुकीचेही तसेच आहे. रक्कम किती, दिवस कोणता, मुदत किती वर्षांची, हे शांत चित्ताने आधी लिहून ठेवावे. मग बाजार उसळो वा कोसळो, त्या दिवशी नव्याने निर्णय घेण्याची वेळच येत नाही.

तेजी ऐन भरात असताना, 1864 मध्ये, प्रेमचंद शेठांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी 2 लाख आणि मातोश्रींच्या नावे मनोऱ्यासाठी 2 लाख रुपये दिले. 1878 मध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला. अंध मातोश्रींना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घंटानादाने कळावी, हा त्यामागचा हेतू होता, असे परंपरेने सांगतात. चांदीपहून विरार गाठून चर्चगेटला उतरणाऱ्या प्रत्येकास तो मनोरा आजही पाहता येतो. लाटेवर लावलेला पैसा लाटेबरोबर गेला. विचारपूर्वक, हेतू ठरवून दिलेला पैसा तेवढा उभा राहिला.